कुणाला काही शंका?

तास संपायला पाच मिनिटं उरली की आमचे भौतिकशास्त्राचे सर खडू खाली ठेवायचे, हात झटकायचे आणि रोजचा ठरलेला प्रश्न विचारायचे : कुणाला काही शंका? आम्ही शंभरेक मुलं लगेच माना खाली घालून वह्यांत बघू लागायचो. साल १९७७, वर्ग एफ. वाय. बी. एस्सी.चा. त्या दिवशी मला खरोखरच एक शंका होती. टेबलावर पुस्तक ठेवलं, तर ते टेबलाला जितक्या जोरानं दाबतं, तितक्याच जोरानं टेबल त्याला वर ढकलतं, असं सरांनी शिकवलं होतं. पुस्तक पातळ असेल तर टेबल कमी ढकलतं, जाडजूड असेल तर जास्त. मग किती जोर लावायचा हे टेबलाला कळतं कसं? माझा हात खांद्यापर्यंत वर गेला. मागच्या बाकावरून कुणीतरी हसलं. मी त्याच हातानं केस सारखे केले. पुढे पदवी घेतली, बँकेत लागलो आणि अडतीस वर्षं दुसऱ्यांच्या पैशांचे हिशेब ठेवले. शंका होती तिथेच राहिली.

हे सगळं पुन्हा आठवायचं कारण माझी पुतणी. शाळेपासून कायम पहिली येणारी मुलगी. मोठ्या हौसेनं इंजिनिअरिंगला गेली आणि पहिल्याच परीक्षेत फिजिक्समध्ये वर्गातल्या शेवटच्या काहींत तिचा नंबर लागला. दिवाळीच्या सुटीत घरी आली ती अगदी गप्प. फराळाच्या ताटाकडेही तिचं लक्ष नव्हतं. चौथ्या दिवशी तिनं आईला सांगितलं की तिला कॉलेज सोडायचं आहे. घरात एकदम शांतता पसरली. मी काका, उपदेश करायचा तर आयतीच संधी होती. पण उपदेशानं कुणाचं भलं झाल्याचं मी बँकेत पाहिलं नाही आणि घरातही नाही. मी तिला एका माणसाची गोष्ट सांगितली.

रिचर्ड फाइनमन यांचा जन्म ११ मे १९१८चा, न्यूयॉर्कचा. वडील गणवेशांच्या धंद्यातले. त्यांना स्वतःला शास्त्रज्ञ होता आलं नव्हतं, पण मुलाला हिंडायला नेताना ते त्याला बघायला शिकवत. रानातल्या एखाद्या पक्ष्याचं नाव जगातल्या सगळ्या भाषांत पाठ केलं, तरी पक्ष्याविषयी काहीच कळलेलं नसतं. तो चोचीनं काय करतोय ते बघावं, असं त्यांचं सांगणं. नाव माहीत असणं वेगळं आणि वस्तू माहीत असणं वेगळं, हे रिचर्डनं तिथेच गाठीला बांधलं. मंदीच्या दिवसांत हा पोरगा शेजाऱ्यापाजाऱ्यांचे बिघडलेले रेडिओ दुरुस्त करून देई.

पुढे एम.आय.टी., मग प्रिन्स्टन. १९४२ साली डॉक्टरेट मिळाली आणि त्याच वर्षी आर्लिनशी लग्न झालं. आर्लिनला क्षय झाला आहे, हे दोघांनाही ठाऊक होतं. फाइनमन लॉस अलामॉसला अणुबाँबच्या प्रकल्पावर काम करत होते, तेव्हा ती जवळच्या शहरातल्या आरोग्यधामात होती. जून १९४५मध्ये ती गेली. युद्धानंतर कॉर्नेल विद्यापीठात ते शिकवू लागले, तेव्हा काही काळ त्यांना आपण संपलो असंच वाटे. उपाहारगृहात कुणीतरी उडवलेली थाळी हवेत डुगडुगत फिरताना दिसली आणि केवळ गंमत म्हणून त्यांनी तिचं गणित मांडलं. त्या गमतीतून हरवलेली गोडी परत आली. पुढे १९६५चं नोबेल पारितोषिक त्यांना श्विंगर आणि टोमोनागा यांच्यासह मिळालं.

पण माझ्या पुतणीला सांगण्यासारखं होतं ते ब्राझीलमध्ये घडलेलं. १९५१-५२मध्ये फाइनमन रिओ द जानेरोला शिकवायला गेले. समोरची बरीचशी मुलं पुढे शिक्षक होणारी. त्यांना व्याख्या तोंडपाठ. परावर्तित प्रकाशाच्या ध्रुवीकरणावर प्रश्न विचारला की धडाधड उत्तर येई. मग फाइनमन यांनी त्यांच्या हातात पोलरॉइडची पट्टी दिली, खिडकीबाहेर समुद्राच्या खाडीचं पाणी चमकत होतं तिकडे बघायला सांगितलं आणि पट्टी फिरवायला लावली. मुलं थक्क झाली. पुस्तकातलं ते माध्यम म्हणजे समोरचं पाणीच, हे तोवर त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

वर्गात कुणी प्रश्न विचारत नसे. का, ते एका विद्यार्थ्यानं नंतर समजावून सांगितलं. त्यानं प्रश्न विचारला असता, तर तास सुटल्यावर बाकीचे त्याच्यावरच तुटून पडले असते. आम्ही शिकायला बसलोय आणि तू वेळ घालवतोस, म्हणून. सोपी गणितं सोडवायला दिली, तर मुलांचं शिष्टमंडळच आलं : असली कामं आमच्या पायरीची नाहीत. वर्षाअखेरीस जाहीर भाषणात फाइनमन यांनी सांगून टाकलं की या देशात विज्ञान शिकवलंच जात नाही. समोर प्राध्यापक आणि सरकारी मंडळी बसली होती. त्यातल्या त्यात दोन विद्यार्थी चांगले निघाले, असंही ते म्हणाले. तेव्हा त्यातल्या एकानं उठून कबुली दिली की तो जर्मनीत शिकून त्याच वर्षी आला होता. दुसऱ्याचंही तसंच निघालं.

हे ऐकून आपण ब्राझीलला हसायचं कारण नाही. बँकेत मी नव्या अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देत असे. तारण मालाची तपासणी कशी करावी, याचं परिपत्रक एका हुशार मुलाला कलमांसकट पाठ होतं. त्याच मुलानं एकदा गोदामात जाऊन पोती न मोजता स्टॉक स्टेटमेंटवर सही केली. पुढची पोती साखरेची होती, मागची भुश्शाची. प्रशिक्षणाच्या शेवटी मीही विचारलं होतं : कुणाला काही शंका? कुणालाच नव्हती. मलाही तेव्हा बरंच वाटलं होतं, कारण चहाची वेळ झाली होती.

फाइनमन नुसती टीका करून थांबले नाहीत. कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक या संस्थेत एक वेगळंच दुखणं होतं. सापेक्षता, अणू यांविषयी ऐकून हुशार मुलं उत्साहानं येत आणि पहिली दोन वर्षं कप्प्या नि उतरणी यांतच गेल्यामुळे कोमेजून जात. १९६१च्या शरदात पहिल्या वर्षाचा वर्ग फाइनमन यांनी हाती घेतला. समोर सुमारे १८० मुलं. आठवड्याला दोन व्याख्यानं. बोलणं ध्वनिमुद्रित होई, फळ्याची छायाचित्रं घेतली जात. दोन वर्षांच्या या व्याख्यानांचे लेटन आणि सँड्स या सहकाऱ्यांच्या मदतीनं तीन खंड झाले आणि ते जगभर गेले.

त्यातला पहिला खंड मला पुष्कळ वर्षांनी, बँकेच्या कामासाठी मुंबईला गेलो असताना, फाउंटनच्या फुटपाथवर मिळाला. पहिल्याच प्रकरणात अणूंची गोष्ट होती : ते जरा दूर असले की एकमेकांना ओढतात आणि जवळ दाबले की ढकलतात. मी फुटपाथवर उभ्या उभ्या थबकलो. टेबलाला काहीच कळावं लागत नाही. ते किंचित दबतं. जेवढं दबतं, तेवढे त्याचे अणू उलट ढकलतात. माझ्या शंकेचं उत्तर एवढंच होतं, आणि शंका मूर्खपणाची नव्हती.

या खंडांच्या प्रस्तावनेत फाइनमन यांनी स्वतःच्या प्रयोगाचा मात्र निष्ठुर हिशेब मांडला आहे. डझन-दोन डझन मुलांना जवळजवळ सगळं समजलं. बाकीच्यांच्या उत्तरपत्रिका पाहता आपण फारसं साधलं नाही, असं त्यांना वाटलं. व्याख्यान कितीही रंगलं, तरी मुलांपर्यंत काय पोहोचलं हे व्याख्यात्याला कळायला वाटच नव्हती. शिक्षक आणि विद्यार्थी समोरासमोर बसून एखाद्या कल्पनेवर बोलतात, तेव्हाच खरं शिकणं होतं, हा त्यांचा निष्कर्ष. पुढे ते कॅलटेकमध्येच एक अनौपचारिक वर्ग घेत. त्याला ना परीक्षा, ना गुण. मुलांनी यावं आणि वाटेल ते विचारावं.

पहिल्या वर्षी परीक्षेआधी त्यांनी उजळणीचे काही जादा तास घेतले. हे तास मागे पडलेल्यांसाठी होते. कितीतरी वर्षांनी, २००६मध्ये, ते पुस्तकरूपानं आले. तिथे जमलेला प्रत्येक जण आपापल्या शाळेत पहिला आलेला होता. फाइनमन यांनी त्यांना साधं गणित सांगितलं : सगळे पहिले एकत्र आले, तरी त्यातले निम्मे खालच्या निम्म्यात जाणारच. त्यात बुद्धी कमी झाल्याचा प्रश्नच येत नाही. एवढं सांगून ते लगेच उजळणीकडे वळले. इथे पुतणीनं पहिल्यांदा मान वर केली.

१९८६मध्ये चॅलेंजर यान कोसळून सात अंतराळवीर गेले. चौकशी समितीत फाइनमन होते. कर्करोगानं पोखरलेले, तरी हजर. सगळ्या देशासमोर त्यांनी रबराचा एक तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि थंडीत रबराची लवचिकता जाते हे दाखवून दिलं. दोन वर्षांनी, १५ फेब्रुवारी १९८८ रोजी, ते वारले.

ब्राझीलच्या त्या भाषणात त्यांनी पाठ्यपुस्तकातली एक व्याख्या वाचून दाखवली होती : स्फटिक चिरडताना निघणाऱ्या प्रकाशाची. त्याऐवजी अंधारात साखरेचा खडा पकडीनं फोडून पाहा, असं लिहिलं असतं, तर एखादं तरी मूल घरी जाऊन करून बघेल, असं त्यांचं म्हणणं. आम्ही तेच केलं. आईचा जुना अडकित्ता काढला, डब्यातली खडीसाखर घेतली, देवघरातल्या समईपासून सगळे दिवे शांत होईपर्यंत थांबलो आणि डोळे सरावायला दहा मिनिटं अंधारात बसून राहिलो. पहिले दोन खडे नुसतेच फुटले. तिसऱ्याला निळसर काहीतरी लखकन चमकून गेलं.

हे कशामुळे होतं, काका? तिनं विचारलं.

महिन्याभरात प्रथमच तिनं मला काही विचारलं होतं. खडा फुटताना विद्युतभार वेगळे होतात आणि हवेतल्या नायट्रोजनमधून ठिणगी जाते, हे आम्ही नंतर दोघांनी मिळून शोधलं. त्या वेळी मी फक्त मला माहीत नसल्याचं सांगितलं.

सुटी संपल्यावर ती कॉलेजला गेली. परवा तिचा फोन आला. मी मार्कांचं विचारलं नाही. तिनं आपणहून सांगितलं की वर्गात तिनं हात वर केला होता. मागे कुणीतरी हसलंही. तिनं हात खाली घेतला नाही.