डॉ. ल्यूसी विल्स

चौलच्या वाड्यांत माठ, अळू, शेवगा यांचा पाला विपुल मिळतो. अशा साध्या हिरव्या पाल्यात मातेचे रक्त राखणारे एक द्रव्य असते. त्याच्या शोधाची वाट ज्या विदुषीने मुंबईत मोकळी केली, तिचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

ल्यूसी विल्स यांचा जन्म १० मे १८८८ रोजी इंग्लंडात झाला. केंब्रिज येथे वनस्पतिशास्त्र व भूगर्भशास्त्र शिकून पुढे लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयातून त्या १९२० साली डॉक्टर झाल्या. १९२८ साली त्या मुंबईस आल्या. त्या काळी तेथील कित्येक गरीब स्त्रिया गरोदरपणी रक्तक्षयाने पांढऱ्याफटक पडून दगावत असत. पोटासाठी कोकणातून मुंबईच्या गिरण्यांत गेलेली कुटुंबे आमच्या वाचकांस अपरिचित नाहीत. तेव्हा या दुःखाची कल्पना त्यांस सहज येईल.

मनुष्याचे रक्त हाडांच्या मगजात तयार होते. तांबडी पेशी सुमारे १२० दिवसच जगते. म्हणून मगजातील मूळपेशींस जन्मभर नव्या पेशींची भर घालावी लागते. या रोगी स्त्रियांच्या रक्तात तांबड्या पेशी थोड्या, परंतु आकाराने फाजील मोठ्या आढळत. विल्सबाईंनी परळच्या हाफकिन संस्थेत प्रथम रोगजंतूंचा तपास केला. तो व्यर्थ गेला. मग त्यांनी रोग्यांच्या आहाराकडे लक्ष वळविले, उंदरांवर व माकडांवर प्रयोग केले, आणि यीस्टपासून काढलेल्या मार्माइट नावाच्या स्वस्त अर्काने हा रोग बरा होतो, असे १९३१ साली प्रसिद्ध केले. दोष त्या स्त्रियांच्या प्रकृतीत नसून त्यांच्या ताटात होता!

पुढे १९४१ साली पालकाच्या पानांतून हे द्रव्य निराळे काढण्यात आले, व पानाच्या लॅटिन नावावरून त्यास फॉलिक ॲसिड म्हणू लागले. त्यावाचून मगजातील पेशी नीट विभागत नाहीत. त्या नुसत्या फुगतात आणि पुष्कळशा तेथेच नाश पावतात. याच्या उलट, रक्ताच्या कर्करोगात पेशी बेसुमार वाढतात. म्हणून बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी या द्रव्याच्या कार्यास अडथळा करणारे औषध देऊन काही मुलांचा तो रोग तात्पुरता हटविल्याचे १९४८ साली जाहीर केले.

विल्सबाई १९६४ साली निवर्तल्या. आज गर्भवती स्त्रियांस ज्या गोळ्या देतात, त्यांत हेच द्रव्य असते. पालेभाजी फार वेळ शिजवून तिचे पाणी ओतून दिल्यास त्याचा मोठा अंश वाया जातो, हे घरोघरच्या मातांनी ध्यानात ठेवावे. आणि विद्यार्थ्यांनो, गरिबाच्या ताटात काय आहे हे आस्थेने पाहणे, हीही विद्याच होय.