आईच्या बाजूने रविवर्मा

मराठी विभागासाठी काहीतरी लिही, असं संपादक मंडळाने सांगितलं तेव्हा मला हसूच आलं. मी ज्युनियर केजीपासून कॉन्व्हेंटमध्ये. मराठी म्हणजे घरात बोलायची आणि दहावीपर्यंत एक पेपर काढायची भाषा. त्यामुळे मित्रमैत्रिणींनो, या लेखात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसल्या तर त्या माझ्या, आणि नाही दिसल्या तर माझ्या रूममेटने रात्री जागून काढल्या असं समजा.

विषय मात्र घरातच सापडला. माझ्या आजीचं घर खालापूर तालुक्यात, महडच्या गणपतीपासून फार लांब नाही. तिच्या देवघरात एक जुनी लक्ष्मी आहे. कमळावर उभी, चार हात, शेजारी सोंडेत हार धरलेला हत्ती. हे चित्र तुम्हीही कुठे ना कुठे पाहिलेलंच असणार. दिवाळीत काच पुसायचं काम माझ्यावर आलं. उदबत्तीच्या धुराचा थर निघाला आणि खाली बारीक इंग्रजी अक्षरं दिसली : रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा. आजी त्या लक्ष्मीला रोज हात जोडते, पण इंग्रजी वाचता येत नाही म्हणून ती ओळ तिने कधी वाचलीच नव्हती. कॉन्व्हेंटच्या फीचा एवढा तरी उपयोग झाला!

म्हणजे आमची लक्ष्मी केरळात नाही, आपल्या घाटाच्या डोक्यावर छापलेली. परीक्षा झाल्यावर मी लायब्ररीत रविवर्मा शोधायला बसले. पहिला प्रश्न साधा होता : हे कुठले राजे? आणि तिथेच अडकले. कारण या माणसाची वंशावळ आपल्यासारखी बापाकडून मुलाकडे जातच नाही. ती काढायची तर आईकडून काढावी लागते.

रविवर्मांचा जन्म २९ एप्रिल १८४८ चा, त्रावणकोर संस्थानातल्या किलिमानूरचा. तिथला राजवाडा म्हणजे राज्य नव्हे, जहागीर. पण घराणं मोठं. त्रावणकोरचा प्रसिद्ध राजा मार्तंड वर्मा याचे वडील याच घराण्यातले. रविवर्मांचे वडील नीलकंठन भट्टतिरिपाद हे संस्कृतचे विद्वान ब्राह्मण, आणि आई उमयांबा तंपुराट्टी स्वतः कवयित्री. तिचं ‘पार्वतीस्वयंवरम्’ हे काव्य तिच्या मृत्यूनंतर रविवर्मांनीच छापून घेतलं. आता गंमत बघा. आपल्या हिशोबाने मुलगा भट्टतिरिपाद व्हायला हवा. पण तो झाला वर्मा, कारण आई किलिमानूरची. या पद्धतीला मरुमक्कत्तायम म्हणतात. घर आईचं, वारसा बहिणीच्या मुलांना, आणि घरातला कर्ता पुरुष म्हणजे मामा.

हे एकदा डोक्यात बसलं की रविवर्मांचं अख्खं आयुष्य उलगडतं. लहानपणी ते भिंतीवर कोळशाने चित्रं काढत, ही गोष्ट सगळ्या पुस्तकांत असते. ते पाहून त्यांना शिकवायला घेतलं कोणी? मामाने. मामांचं नाव राजा राजा वर्मा, ते स्वतः तंजावर शैलीत चित्रं काढत. चौदाव्या वर्षी, १८६२ मध्ये, मामाच त्यांना तिरुवनंतपुरमला आयिल्यम तिरुनाळ महाराजांकडे घेऊन गेले. वडील या गोष्टीत जवळजवळ नाहीतच. मामा भाच्याचे लाड करतो हे आपल्यालाही माहीत आहे, पण इथे ते लाड नव्हते, ती त्याची जबाबदारी होती.

दरबारात ऑइल पेंटिंग कोणी शिकवेना. रामस्वामी नायकर नावाचे चित्रकार होते, त्यांनी नकार दिला. १८६८ मध्ये थिओडोर जेन्सन हा युरोपियन चित्रकार आला, त्याने फक्त काम करताना बघू दिलं. बाकी सगळं बघून बघून आणि हात खराब करून शिकलेलं. (आमच्या प्रॅक्टिकलचं वर्णन वाटतंय ना?) १८७३ मध्ये मद्रासच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं आणि नाव झालं.

लग्न झालं १८६६ मध्ये, मावेलिक्कराच्या भागीरथीशी. रविवर्मा अठरा वर्षांचे, ती बाराची. तिच्या दोन मोठ्या बहिणी त्रावणकोरच्या राजघराण्यात दत्तक गेलेल्या होत्या. पाच मुलं झाली, दोन मुलगे आणि तीन मुली. पण ही मुलं किलिमानूरची नव्हेत, ती आईच्या घरची, मावेलिक्कराची. रविवर्मा त्या घरी पाहुणे! आणि त्यातून हा माणूस सतत प्रवासात. भागीरथी १८९१ मध्ये गेली.

मग त्यांच्या घरचं, त्यांच्या सोबत कोण होतं? त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. त्याचंही नाव राजा राजा वर्मा. (मामा आणि भाऊ एकाच नावाचे. प्रोग्राममध्ये दोन व्हेरिएबल्सना एकच नाव दिलं की काय होतं ते माझ्या पहिल्या तक्त्याचं झालं.) दोघंही एकाच आईचे, म्हणजे एकाच घरचे. हा भाऊ स्वतः उत्तम लँडस्केप काढायचा. दोघं मिळून हिंदुस्थानभर हिंडले. बडोद्याच्या सयाजीरावांनी पुराणातली चौदा चित्रं काढायला सांगितली तेव्हा देवींना कुठला पोशाख द्यायचा ते ठरवण्यासाठी दोघं उत्तरेत फिरून आले, आणि शेवटी साडीवर आले. भावाने १८९५ ते १९०४ या वर्षांत इंग्रजीत डायरी लिहिली. रविवर्मांच्या रोजच्या कामाविषयी आज जे कळतं त्यातलं बरंचसं त्याच्यामुळे. माझ्या मते अर्धं श्रेय त्याचं आहे, आणि फ्रेमखाली नाव मात्र एकाचंच.

आता आपल्या घाटाकडे येऊ. चित्रांच्या छापील प्रती काढायची कल्पना त्यांना सुचवली सर टी. माधवराव यांनी. आधी त्रावणकोरचे आणि नंतर बडोद्याचे दिवाण असलेले हे गृहस्थ तंजावरच्या मराठी घराण्यातले, म्हणजे आपलेच! १८९४ मध्ये मुंबईत प्रेस सुरू झाला. यंत्रं आणि तंत्रज्ञ जर्मनीचे. पहिलं छापलेलं चित्र शकुंतलाजन्माचं. मग मुंबईत प्लेग आला, आणि १८९९ मध्ये प्रेस मळवलीला हलवला, कार्ला लेण्यांच्या पायथ्याशी. मुंबईहून पुण्याकडे जाणारी रेल्वे तेव्हाही आपल्याच बोरघाटातून, १८६३ पासून. म्हणजे ती अवजड यंत्रं आणि दगड कर्जतवरूनच वर चढले असणार, मागून इंजिन लावून. आजही एक्स्प्रेसला मागून बँकर लावताना कर्जतच्या प्लॅटफॉर्मवर आपण वडापाव खात उभे असतो, तेव्हा मला हल्ली ते दगड आठवतात.

दगड म्हणजे खरोखरचे दगड. लिथोग्राफीत बव्हेरियाच्या चुनखडीच्या गुळगुळीत लाद्या वापरत. तेलकट पेन्सिलीने त्यावर चित्र काढायचं, मग दगड ओला करायचा. पाणी कोऱ्या जागी बसतं, तेलकट शाई फक्त रेषांना धरते. कागद दाबला की छाप. पण एका दगडावर एकच रंग. चेहऱ्याचा गुलाबी एका दगडावर, साडीचा लाल दुसऱ्यावर, कमळाची हिरवी पानं तिसऱ्यावर. एका चित्राला दहा-पंधरा दगड सहज लागायचे, आणि प्रत्येक वेळी कागद केसभरही सरकता कामा नये. आजीच्या लक्ष्मीचे ओठ मी मोबाईलच्या कॅमेऱ्याने मोठे करून पाहिले. लाल रंग रेषेच्या किंचित बाहेर गेलाय. शंभर वर्षांपूर्वीचा तो टॉलरन्स बघून बरं वाटलं.

कला म्हणून प्रेस जिंकला, धंदा म्हणून बुडाला. कर्ज वाढत गेलं आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच तो फ्रिट्झ श्लायशर या तिथल्याच जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. पुढे सिनेमावाले दादासाहेब फाळके यांनीही काही काळ या प्रेससाठी काम केलं. १९७२ च्या आगीत प्रेस जळाला.

प्रेस गेल्यावर रविवर्मांना आणखी मोठा धक्का बसायचा होता. जानेवारी १९०५ मध्ये भाऊ गेला. पुढे जेमतेम पावणेदोन वर्षं, आणि २ ऑक्टोबर १९०६ ला रविवर्माही गेले.

मुलांचं काय झालं? थोरला केरळ वर्मा १९१२ मध्ये घरातून गेला तो परत आलाच नाही. धाकटा रामवर्मा मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून चित्रकार झाला. आपल्याकडची वंशावळ असती तर गोष्ट इथे संपली असती. पण खरी गोष्ट मुलींच्या बाजूला आहे. त्रावणकोरमध्ये राजाचा वारस म्हणजे बहिणीचा मुलगा. राजघराण्यात मुलगीच उरली नाही तर वंश बुडतो. म्हणून १९०० मध्ये भागीरथीच्या थोरल्या बहिणीने, राणी लक्ष्मीबाईने, दोन मुली दत्तक घेतल्या. वंश टिकावा म्हणून मुली दत्तक! सेतु लक्ष्मीबाई ही रविवर्मांच्या महाप्रभा या मुलीची मुलगी, सेतु पार्वतीबाई ही उमा या मुलीची. सेतु लक्ष्मीबाईने १९२४ ते १९३१ त्रावणकोरचा कारभार पाहिला. सेतु पार्वतीबाईचा मुलगा चित्तिरा तिरुनाळ हा त्रावणकोरचा शेवटचा राजा. १९३६ मध्ये सगळ्या जातींना मंदिरं खुली करणारा तो हाच, रविवर्मांचा पणतू.

महाप्रभाचं एक चित्र आहे, वडिलांनीच काढलेलं. कडेवर मूल, पायाशी कुत्रा, आणि ती चौकटीबाहेर बोट दाखवून मुलाला सांगतेय की बाबा आले. बाबा चित्रात नाहीतच. १८९३ मध्ये शिकागोला गेलेल्या दहा चित्रांत हेही होतं. मामांच्या घरात वाढलेल्या, स्वतःच्या मुलांच्या घरी पाहुणा असलेल्या माणसाने हे काढलं, हे कळल्यावर मी ते पान बराच वेळ उलटलं नाही. आणि पुढे १९२५ मध्ये, याच महाप्रभाची मुलगी राज्य बघत असताना, त्रावणकोरच्या नायर लोकांपुरती ही मातृवंशाची वाटणी कायद्याने संपली.

वंशावळ मी शेवटी ड्रॉइंगच्या शीटवर काढली, ड्राफ्टर लावून, सगळ्यात वर उमयांबा. सुट्टीत आजीला दाखवली. तिने चष्मा लावून नीट पाहिली आणि विचारलं की हिची आई कोण. ते मला सापडलेलं नव्हतं. मग मी तिलाच तिच्या आजीचं, आईच्या आईचं, नाव विचारलं. तिने बराच वेळ आठवून सांगितलं. लग्नातलं की माहेरचं, ते मात्र तिला नक्की सांगता येईना. मी शीटच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने दोन्ही शक्यता लिहून ठेवल्यात.

या लेखासोबत ती लक्ष्मी स्कॅन करून द्यायची होती. पण आजी फ्रेम देवघरातून उतरवू देत नाही. तेव्हा चित्राशिवायच वाचा.