डॉ. आंबेडकर यांचे विद्यार्जन व त्याचा खर्च

भंडाऱ्यातून १९५४ साली लोकसभेच्या पोटनिवडणुकीस डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले व पराभूत झाले, हे आमच्या जिल्ह्यात सर्वश्रुत आहे. त्यांच्या शिक्षणाचा खर्च कसा भागला, हे मात्र कॉलेजात जाणाऱ्या आमच्या मुलांस क्वचितच ठाऊक असते.

केळुसकर गुरुजींच्या खटपटीने बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांस दरमहा २५ रुपये देऊ केले व १९१२ साली ते बी. ए. झाले. पुढील वर्षी अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठासाठी दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांकरिता मंजूर झाले. परंतु परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार लिहून द्यावा लागला. पुढे लंडनचा अभ्यास अर्ध्यावर असतानाच १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत सरली. करारानुसार ते बडोद्यास रुजू झाले, तो अस्पृश्य म्हणून राहावयास बिऱ्हाड मिळेना! राजा उदार, पण त्याच्या राजधानीत जागा नाही. यावर आम्ही अधिक काय लिहावे?

मग मुंबईस सिडनहॅम कॉलेजातील पगारातून शिल्लक टाकून, शाहू महाराजांचे साह्य व नवल भथेना या पारशी मित्राचे ५,००० रुपयांचे कर्ज घेऊन, १९२० साली त्यांनी पुन्हा लंडन गाठले. १९२३ साली ते डी. एस्सी. झाले.

व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असता त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी दरसाल ३ लाख रुपयांची तरतूद सरकारकडून करवून घेतली. १९४४ साली सुरू झालेली ती मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आजही चालू आहे, आणि तीस नोकरीच्या कराराची अट नाही.