स्वामी कुवलयानंद: शंभर वर्षांपूर्वी 'स्किल' लिहिणारा लोणावळ्याचा माणूस

कोड लिहिणाऱ्या एआय एजंटबद्दल मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न असा: "मी स्किल लिहून दिलंय, तरी एजंट एकदा पाळतो आणि एकदा विसरतो. असं का?"

आधी स्किल म्हणजे काय ते बघू. एखादं काम कसं करायचं याच्या सूचना एका फाइलमध्ये लिहून ठेवायच्या आणि एजंटने ते काम आलं की दरवेळी त्या वापरायच्या. अँथ्रॉपिक कंपनीने ऑक्टोबर 2025 मध्ये ही पद्धत 'एजंट स्किल्स' या नावाने आणली. कल्पना सोपी आहे, पण सूचना दरवेळी सारख्याच पाळल्या जाणं अवघड आहे.

यावर मी तुम्हाला एका माणसाची गोष्ट सांगणार आहे. त्याने कॉम्प्युटर वापरला नाही, पण नेमक्या याच अडचणीवर आयुष्य घालवलं. आमच्या मावळात, लोणावळ्यात, त्याच्या नावाचा रस्ता आहे: स्वामी कुवलयानंद मार्ग.

बडोद्याचा गुणे

मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म 30 ऑगस्ट 1883, गुजरातमधल्या डभोईचा. हुशार इतका की मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती मिळवली. बडोद्याला शिकताना अरविंद घोष यांच्या विचारांचा प्रभाव पडला, टिळकांचाही पडला. देशासाठी काहीतरी करायचं हे तेव्हाच पक्कं झालं.

1907 ते 1910 या काळात तो बडोद्याच्या जुम्मादादा व्यायामशाळेत राजरत्न माणिकराव यांच्या हाताखाली तयार झाला. पुढे अंमळनेरला खानदेश एज्युकेशन सोसायटीत शिकवायला गेला आणि तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचा प्राचार्य झाला. 1920 मध्ये सरकारने ते महाविद्यालय बंद केलं.

गुरू गेले, आता पुढे काय?

त्याआधी, 1919 मध्ये, नर्मदाकाठच्या मालसर गावी गुण्यांना परमहंस माधवदासजी भेटले. योगाची खरी शिकवण त्यांच्याकडून मिळाली. पण माधवदासजी बरेच वृद्ध होते आणि 1921 मध्ये ते गेले.

इथे खरी अडचण समोर आली. योग तेव्हा मुख्यतः गुरूकडून शिष्याकडे जायचा. गुरू समोर बसलेला असतो, शिष्याची मान वाकडी झाली की लगेच टोकतो. गुरूच नसेल तर? जुन्या ग्रंथांतले श्लोक फार थोडक्यात लिहिलेले. एकाच श्लोकावरून दहा जण दहा प्रकारे आसन करतील, आणि चुकीचं केलं तर इजा होईल. कौशल्य माणसाबरोबर संपू द्यायचं नाही आणि लिहून ठेवलं तर ते बिघडूही द्यायचं नाही, असा हा पेच होता.

आपलंही असंच होतं बघा. तुम्ही चॅटमध्ये समोर बसून एजंटला सांगता तेव्हा काम बरं होतं. तेच फाइलमध्ये लिहून दिलं की टोकायला तुम्ही तिथे नसता.

आधी तपासलं, मग लिहिलं

गुण्यांनी लगेच पुस्तक लिहायला घेतलं नाही. 1920-21 च्या सुमारास बडोद्याच्या रुग्णालयात आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन त्यांनी प्रयोग केले. उड्डियान बंध आणि नौली करताना पोटात काय होतं ते क्ष-किरणांनी पाहिलं. दाबही मोजला. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, हे त्यांनी दाखवलं. बस्तीच्या क्रियेत पाणी आत कसं खेचलं जातं याचं कारण त्यातून मिळालं. या निर्वात स्थितीला त्यांनी गुरूंचं नाव दिलं: माधवदास व्हॅक्यूम.

मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो. क्रिया कशी करायची हे माहीत असलेले लोक होतेच. ती तशीच का करायची हे त्यांनी मोजून शोधलं. स्किल लिहितानाही हाच फरक पडतो. "डेटाबेसला हात लावू नको" एवढंच लिहिलं तर एजंट कधीतरी पळवाट काढतो. "डेटाबेसला हात लावू नको, कारण त्यात ग्राहकांच्या चालू ऑर्डरी आहेत" असं लिहिलं तर तुम्ही न लिहिलेल्या प्रसंगातही तो बरोबर वागण्याची शक्यता वाढते.

लोणावळा, 1924

ऑक्टोबर 1924 मध्ये त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू केलं. त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिकही निघालं. त्यात एकीकडे प्रयोगांचे निष्कर्ष असायचे आणि दुसरीकडे सामान्य वाचकाला समजेल अशी माहिती. 1927 मध्ये तब्येत बिघडलेल्या गांधीजींनीही त्यांचा सल्ला घेतला. दोघांत पत्रव्यवहार झाला. दूर बसलेल्या माणसाला फक्त शब्दांतून क्रिया समजावायची, म्हणजे सूचनेची परीक्षाच की!

पुढे 1930 च्या दशकात आसनांवर आणि प्राणायामावर त्यांची इंग्रजी पुस्तकं आली. आसनांचं पुस्तक आज उघडलं तरी त्याची मांडणी मला एखाद्या चांगल्या स्किलसारखी दिसते. क्रिया पायरीपायरीने सांगितलेली, सोबत फोटो. एक पूर्ण अभ्यासक्रम, आणि ज्याला तो झेपत नाही त्याच्यासाठी एक छोटा. शिवाय कोणी काय करू नये तेही स्पष्ट: कान वाहत असेल किंवा हृदय कमजोर असेल तर शीर्षासन नको. जोर लावून, झटका देऊन काही करायचं नाही.

आता हे आपल्या फाइलशी जुळवून बघा.

1. कधी वापरायचं ते आधी सांगा. एजंट सुरुवातीला स्किलचं फक्त नाव आणि वर्णन वाचतो. वर्णनाला 1024 अक्षरांची मर्यादा आहे. आतला मजकूर तो गरज वाटली तरच उघडतो. म्हणून "कोडसाठी उपयुक्त" असं वर्णन असेल तर स्किल उघडलंच जाणार नाही. "चिक्कीच्या दुकानाच्या ॲपमध्ये दर बदलायचे असतील तेव्हा" असं नेमकं लिहा. स्किल पाळलं जात नाही अशी तक्रार येते तेव्हा बरेचदा ते वाचलंच गेलेलं नसतं.

2. मुख्य फाइल आटोपशीर ठेवा. 500 ओळींच्या आत ठेवावी असा सल्ला दिला जातो. जास्तीचं वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि ती कधी उघडायची ते लिहा. पूर्ण आणि छोटा अभ्यासक्रम वेगळे ठेवण्यासारखंच हे.

3. पायऱ्यांना क्रम आणि शेवट द्या. काम झालं हे कशावरून ठरवायचं ते लिहा: "सगळ्या चाचण्या पास झाल्याशिवाय पूर्ण झालं म्हणू नको."

4. कुठे थांबायचं ते लिहा. शीर्षासन कोणी करू नये हे जसं लिहिलं, तसं.

शिकवणाऱ्यांना शिकवलं

पुस्तकावर सगळं सोडून ते मोकळे झाले नाहीत. शाळांमधून एकत्र करता येईल असा 'यौगिक संघ व्यायाम' त्यांनी बसवला. मुंबईत शाखा काढली. 1950 च्या सुमारास लोणावळ्यात गोरधनदास सेकसरिया योग महाविद्यालय उभं राहिलं. पुढे योगोपचारांचं रुग्णालयही झालं. लिहिलेली सूचना पुरी पडत नाही, ती पाळली जातेय का हे बघणारं कोणीतरी लागतं, म्हणून शिक्षक तयार करण्यावर त्यांनी इतकी मेहनत घेतली असावी, असं मला वाटतं.

18 एप्रिल 1966 रोजी ते गेले. गुरू गेल्यावर जो प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला होता, तो त्यांच्या शिष्यांपुढे तसाच राहिला नाही. कैवल्यधाम आजही चालू आहे, लोक शिकायला येतात.

एक फरक मात्र विसरू नका. माणसाने आसन चुकीचं केलं तर त्याची पाठ दुखते आणि तो थांबतो. एजंटला काहीच दुखत नाही. तो पायरी गाळतो आणि काम झालं म्हणून आत्मविश्वासाने सांगतो. म्हणून जे चुकलं तर खरंच नुकसान होईल ते फक्त सूचनेवर सोडू नका. डेटा पुसण्याची परवानगीच काढून घ्या. चाचण्या आपोआप चालतील अशी सोय करा. आणि एकच काम त्याच स्किलने, दरवेळी नव्या चॅटमध्ये, पाच-सहा वेळा करून घ्या. कोणती पायरी गळते ते वहीत टिपा, त्या ओळीचं कारण लिहून ती सुधारा आणि पुन्हा तपासा.