ठिपक्यांचे गणित

कोल्हापूर संस्थानात एके काळी शिकारीसाठी चित्ते पाळत असत. राजर्षी शाहू महाराजांना या शिकारीची आवड होती. डोळ्यांवर पट्टी बांधलेला चित्ता गाडीतून माळावर नेत. काळविटांचा कळप दिसला, की पट्टी काढत आणि चित्ता बाणासारखा सुटे. या चित्त्यांना सांभाळणाऱ्या आणि शिकवणाऱ्या माणसांना चित्तेवान म्हणत. पुढे आपल्या देशातील चित्ते दुर्मिळ झाले, तेव्हा संस्थानाने आफ्रिकेतून चित्ते मागवले.

उर्दूत ज्याला चीता म्हणतात, तोच मराठीतला चित्ता. अंगावर चित्रे असलेला, असा त्या नावाचा मूळ अर्थ. त्याच्या पिवळसर अंगावर काळे ठिपके असतात. हे ठिपके कसे तयार होतात? असा प्राणी आईच्या पोटात एका पेशीपासून वाढू लागतो. एकीच्या दोन, दोनांच्या चार अशा पेशी वाढत जातात. सुरुवातीला त्या सर्व सारख्याच दिसतात. मग काळा रंग कोठे यावा आणि पिवळा कोठे राहावा, हे कोण ठरवते?

सारखेपणातून नक्षी कशी उमटते, या प्रश्नाचे उत्तर एका गणितज्ञाने शोधले. संगणकशास्त्राचा पाया घालणारे म्हणून जग त्यांना ओळखते. त्यांचे नाव ॲलन ट्युरिंग.

ट्युरिंग यांचा जन्म २३ जून १९१२ रोजी लंडन येथे झाला. पण त्यांच्या घराण्याचा भारताशी जवळचा संबंध होता. वडील मद्रास इलाख्यात सरकारी अधिकारी होते. आईचा जन्म कोइमतूरजवळच्या पोदनूर येथे झाला होता. आईचे वडील मद्रास रेल्वेत मुख्य अभियंता होते. आईवडील नोकरीसाठी भारतात राहत आणि ॲलन व त्याचा थोरला भाऊ इंग्लंडमध्ये एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याच्या घरी वाढत. त्यामुळे आईवडिलांचा सहवास या मुलांना फार थोडा मिळाला.

१९२६ साली ॲलनला शेरबोर्न येथील शाळेत घातले. शाळा सुरू होण्याच्या वेळीच देशभर मोठा संप झाला आणि आगगाड्या बंद पडल्या. तेरा वर्षांचा ॲलन सायकल घेऊन एकटाच निघाला. वाटेत एका खाणावळीत रात्र काढून तो जवळजवळ शंभर किलोमीटर अंतर कापून शाळेत पोहोचला. त्याचे अक्षर वाईट होते, वह्या शाईने भरलेल्या असत आणि शिक्षक नाराज असत. गणितात मात्र तो स्वतःच्या वाटेने उत्तरे शोधी. शाळेत ख्रिस्तोफर मॉरकम हा त्याचा जिवलग मित्र होता. १९३० साली क्षयरोगाने ख्रिस्तोफर वारला. या दुःखातून ॲलनच्या मनात एक प्रश्न घर करून राहिला. माणसाचे मन आणि त्याचे शरीर यांचा संबंध काय?

१९३१ साली ट्युरिंग केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात दाखल झाले. कोल्हापुरात जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर पुढे याच कॉलेजचे फेलो होते. ट्युरिंग यांना तो मान अवघ्या बाविसाव्या वर्षी मिळाला.

त्या काळी कॉम्प्युटर हा शब्द यंत्रासाठी वापरत नसत. कागद-पेन्सिल घेऊन आकडेमोड करणाऱ्या माणसाला कॉम्प्युटर म्हणत. असा माणूस नेमके काय करतो, याचा ट्युरिंग यांनी विचार केला. तो एक चिन्ह वाचतो, ते खोडतो किंवा नवे लिहितो आणि पुढच्या किंवा मागच्या चिन्हाकडे वळतो. एवढेच काम करणारे एक काल्पनिक यंत्र त्यांनी मनात उभे केले. एक लांब फीत, तिच्यावर चौकोन आणि प्रत्येक चौकोनात एक चिन्ह. अशा साध्या पायऱ्यांनी अवघडात अवघड हिशेबही करता येतो, हे त्यांनी १९३६ साली मांडले. शिवाय काही प्रश्न असे आहेत, की ते कोणत्याही यंत्राला सोडवता येणार नाहीत, हेही त्यांनी सिद्ध केले. आजचा प्रत्येक संगणक याच कल्पनेवर उभा आहे.

१९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू झाले. जर्मन सैन्य आपले संदेश एनिग्मा नावाच्या यंत्राने सांकेतिक भाषेत पाठवी. पोलंडच्या गणितज्ञांनी या यंत्राचे रहस्य आधीच बरेचसे उलगडले होते. त्यांच्या कामाच्या आधारे ट्युरिंग यांनी संकेत शोधणारे नवे यंत्र आखले. इंग्लंडकडे अन्नधान्य घेऊन येणारी जहाजे जर्मन पाणबुड्या बुडवत होत्या. पाणबुड्यांचे संदेश वाचता येऊ लागल्यावर अनेक जहाजे धोक्याच्या वाटा टाळू लागली आणि असंख्य खलाशांचे प्राण वाचले. हे काम इतके गुप्त होते, की ट्युरिंग यांच्या आईलाही त्याची कल्पना नव्हती.

युद्धानंतर ट्युरिंग यांनी संगणक बांधण्याच्या कामात लक्ष घातले. १९४८ साली ते मँचेस्टर विद्यापीठात गेले. ते लांब पल्ल्याचे उत्तम धावपटूही होते. १९४७ साली त्यांनी मॅरेथॉन शर्यत २ तास ४६ मिनिटांत पूर्ण केली होती. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे पैलवान खाशाबा जाधव कुस्ती खेळले. ट्युरिंग यांना मात्र दुखापतीमुळे त्या ऑलिंपिकचा विचार सोडावा लागला.

१९५० साली त्यांनी एक धाडसी प्रश्न विचारला. यंत्र विचार करू शकेल काय? विचार म्हणजे काय, यावर वाद घालत बसण्याऐवजी त्यांनी एक कसोटी सुचवली. एका खोलीत माणूस आणि दुसऱ्या खोलीत यंत्र ठेवायचे. परीक्षकाने दोघांनाही टंकलिखित प्रश्न विचारायचे. उत्तरांवरून माणूस कोण आणि यंत्र कोण, हे परीक्षकाला ओळखता आले नाही, तर यंत्र विचार करते असे मानायला काय हरकत आहे? प्रौढ माणसाची बुद्धी यंत्रात एकदम घालण्यापेक्षा लहान मुलासारखे यंत्र करावे आणि त्याला हळूहळू शिकवावे, असेही त्यांनी सुचवले.

त्यानंतर ते जीवसृष्टीकडे वळले. ऑगस्ट १९५२ मध्ये त्यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. दोन रसायने एकमेकांवर क्रिया करत असतील आणि वेगवेगळ्या गतीने पसरत असतील, तर सारख्या दिसणाऱ्या पेशींमध्येही आपोआप नक्षी उमटू शकते, असे त्यांनी गणिताने दाखवले.

ही गोष्ट एका उदाहरणाने समजेल. उसाचा फड तुटल्यावर शेतात वाळलेले पाचट पसरलेले असते. समजा, त्यावर इकडेतिकडे ठिणग्या पडल्या. आग हळूहळू पसरू लागली. आग दिसताच माणसे पाण्याच्या घागरी घेऊन धावली. आग जितकी मोठी, तितकी माणसे अधिक. माणसे आगीपेक्षा वेगाने धावतात. म्हणून ती आगीच्या पुढे जाऊन भोवतालचे पाचट भिजवतात. आग तेथेच अडते. शेवटी पिवळ्या शेतात काळे ठिपके दिसतात. ठिपके कोणी आखले नाहीत. आग आणि पाणी यांच्या चढाओढीतून ते तयार झाले. ट्युरिंग यांची दोन रसायने अशीच वागतात. एक स्वतःला वाढवते आणि आपल्याला अडवणारे दुसरे रसायनही निर्माण करते. दुसरे अधिक वेगाने पसरते आणि पहिल्याला आवर घालते. ही आकडेमोड करण्यासाठी ट्युरिंग यांनी मँचेस्टरचा संगणक वापरला.

त्याच १९५२ साली त्यांच्यावर मोठे संकट आले. ट्युरिंग समलिंगी होते आणि पुरुषांमधील असे संबंध हा त्या काळी इंग्लंडमध्ये गुन्हा होता. त्यांच्यावर खटला झाला. युद्धात त्यांनी देशासाठी काय केले, हे गुप्ततेच्या बंधनामुळे न्यायालयात सांगता येत नव्हते. तुरुंग किंवा औषधोपचार यांपैकी एकाची निवड त्यांना करावी लागली. रसायनांमधून आकार कसे घडतात, हे सांगणाऱ्या शास्त्रज्ञाच्या शरीरात वर्षभर बळजबरीने रसायने घातली गेली. सरकारचे गुप्त कामही त्यांच्याकडून काढून घेण्यात आले. ७ जून १९५४ रोजी सायनाइडच्या विषबाधेने त्यांचा मृत्यू झाला. चौकशीत ती आत्महत्या ठरली. त्यांच्या आईला मात्र तो अपघात वाटत होता. तेव्हा त्यांचे वय ४१ वर्षे होते.

त्यांच्या कामाची किंमत जगाला उशिरा कळली. युद्धातील कामगिरी १९७० नंतर हळूहळू उघड झाली. १९९० साली फ्रान्समधील बोर्दो येथील शास्त्रज्ञांनी रसायनांमध्ये ट्युरिंग यांनी सांगितलेली नक्षी प्रत्यक्ष पाहिली. त्यांचे गणित पुढे नेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. प्राण्याचे अंग रुंद असते, तेथे ठिपके उमटतात. शेपटी निमुळती असते, तेथे ठिपक्यांचे पट्टे होतात. चित्त्याच्या शेपटीच्या टोकाकडे असेच काळे पट्टे असतात. प्रत्येक प्राण्याची नक्षी याच रीतीने घडते, असे अजून सिद्ध झालेले नाही. पण शोधाची दिशा ट्युरिंग यांनी दाखवली.

ब्रिटनच्या पंतप्रधानांनी २००९ साली ट्युरिंग यांना दिलेल्या वागणुकीबद्दल देशाच्या वतीने माफी मागितली. २०१३ साली राणीने त्यांना मरणोत्तर माफी दिली. २०२१ साली पन्नास पौंडांच्या नोटेवर त्यांचे चित्र आले. हा सन्मान पाहायला ते नव्हते. माणूस हयात असतानाच त्याचे मोल ओळखावे आणि तो आपल्यापेक्षा वेगळा आहे म्हणून त्याला छळू नये, हे त्यांच्या जीवनावरून शिकण्यासारखे आहे.

शब्दार्थ
माळ – मोकळे मैदान
दुर्मिळ – क्वचित आढळणारा
सहवास – सोबत
सांकेतिक – खुणांची, गुप्त
कसोटी – परीक्षा
पाचट – उसाची वाळलेली पाने
निमुळती – टोकाकडे बारीक होत जाणारी
मरणोत्तर – मृत्यूनंतर

स्वाध्याय
१. चित्तेवान कोणाला म्हणत?
२. ट्युरिंग यांच्या घराण्याचा भारताशी कोणता संबंध होता?
३. यंत्र विचार करते की नाही, हे ठरवण्यासाठी ट्युरिंग यांनी कोणती कसोटी सुचवली?
४. पाचटाच्या उदाहरणातील आग आणि पाणी कशासारखे आहेत, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.
५. ट्युरिंग यांच्यावर अन्याय झाला, असे तुम्हांला का वाटते?