नकटा, शिंगटी आणि कर्नल साइक्स



काचपेटीतल्या माशाचा मोबाइलवर फोटो काढायचा म्हटलं की मुलं एका पायावर तयार असतात. परिसर अभ्यासाच्या या उपक्रमाला जोडून सांगता येईल असं एक चरित्र आज देत आहे. हा माणूस कॅमेऱ्याच्याही आधीचा आहे.

विल्यम हेन्री साइक्स यांचा जन्म १७९० चा, इंग्लंडमधला. कोवळ्या वयातच ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत दाखल झाले. १८१७ मध्ये खडकीच्या लढाईत ते पेशव्यांच्या विरुद्ध बाजूने लढले. मुलांना हेही सांगा, लपवू नका.

पुढे १८२४ मध्ये गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी त्यांच्यावर दख्खनची माहिती गोळा करायचं काम सोपवलं. गावं, माणसं, पिकं, पाऊस, हवामान, सगळं मोजायचं. ते अर्थात कंपनीच्या कारभारासाठी होतं. पण साइक्स गावोगाव फिरताना पक्षी, प्राणी आणि नद्यांतले मासेही बघत राहिले. त्यातून कंपनीला काय मिळणार होतं? मला तरी वाटतं, ही त्यांची स्वतःचीच आवड.

आपली भीमा पंढरपूरकडे येण्याआधी पेडगावला लागते. तिथल्या माशांच्याही नोंदी साइक्स यांनी केल्या. मासा पाण्याबाहेर आला की त्याचा रंग लगेच उतरतो, म्हणून ताजा मासा समोर ठेवून, मोजमाप घेऊन चित्रं काढली गेली. चाळीसहून जास्त जातींचं वर्णन त्यांनी केलं. ते लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेने १८३९ मध्ये छापलं. गंमत बघा, पॅरिसमध्ये दागेरची फोटोची पद्धत जगासमोर आली तीही त्याच वर्षी! आणि याच प्राणिशास्त्र संस्थेने १८५३ मध्ये लंडनला काचेच्या टाक्यांचं मत्स्यालय लोकांसाठी उघडलं. साइक्स यांच्या हाताशी भीमेकाठी ना काच होती, ना कॅमेरा.

मला सगळ्यात भावते ती त्यांची नावं द्यायची पद्धत. बऱ्याच माशांना त्यांनी आपल्या इकडच्या लोकांच्या तोंडचीच नावं ठेवली. शिंगटीचं शास्त्रीय नाव आजही मिस्टस सींगटी असंच आहे. टॉर खुद्री हा महसीर तसाच. आणि नकटा! याच्या थोबाडावर अशी खोल खाच असते की नाक कापल्यासारखं दिसतं. जगभरचे अभ्यासक आज या माशाला नुक्ता म्हणतात, तो आपला मराठी नकटाच. ही नावं सांगणाऱ्या भोयांची आणि कोळ्यांची नावं मात्र कुणी लिहून ठेवली नाहीत.

साइक्स १८३१ मध्ये मायदेशी परतले. पुढे कंपनीचे अध्यक्ष झाले, पार्लमेंटचे सदस्य झाले. १८७२ मध्ये त्यांचं निधन झालं.

आता आपला उपक्रम. पेटी अरुंद घ्या, म्हणजे मासा काचेजवळ राहतो. मागे काळा कागद लावा. फ्लॅश बंद ठेवा, नाहीतर काचेत नुसता उजेडच दिसेल. मोबाइल काचेला अगदी टेकवा. मापाची पट्टी मात्र पाण्यात, माशाच्या शेजारीच उभी करा. पाण्यातली वस्तू बाहेरून मोठी दिसते, त्यामुळे पट्टी काचेबाहेर धरली तर माप चुकतं. फोटोखाली तारीख, नदी किंवा तलाव, लांबी आणि घरी आजी-आजोबा त्या माशाला काय म्हणतात ते नाव लिहायला सांगा. नाव सांगणाऱ्याचंही लिहून घ्या.

उजनीमुळे आपल्याकडच्या बहुतेक मुलांच्या वहीत आधी चिलापीच येईल. तो बाहेरून आलेला मासा. नकटा आता धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत आहे. कुणाच्या जाळ्यात सापडलाच, तर दोन फोटो घ्या आणि लगेच त्याला नदीत सोडा.