तळघरातली बैठक

अमेरिकेत अलाबामा राज्याच्या मॉन्टगोमेरी शहरात डेक्स्टर अव्हेन्यूवर लाल विटांचे एक चर्च उभे आहे. जवळच राज्याचे विधान भवन. गुलामगिरी टिकविण्यासाठी फुटून निघालेल्या राज्यांच्या अध्यक्षाने १८६१ साली तेथेच शपथ घेतली होती. त्याच इमारतीच्या नाकासमोर पुढे काळ्या माणसांनी आपले चर्च बांधले.

१९५४ साली पंचविशीतले मार्टिन ल्यूथर किंग येथे धर्मोपदेशक म्हणून आले. बसमधली जागा गोऱ्यासाठी सोडली नाही म्हणून १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स यांना अटक झाली. दुसऱ्याच दिवशी या चर्चच्या तळघरात बैठक भरली आणि बहिष्काराची तयारी सुरू झाली. मोलकरणी, मजूर ३८१ दिवस बसमध्ये चढले नाहीत. किंग यांच्या घरावर बॉम्ब पडला, तरी ते हटले नाहीत. डिसेंबर १९५६ मध्ये न्यायालयाच्या निकालाने बसमधला भेद संपला. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण त्याच महिन्यातले.

१९५९ साली किंग भारतात आले. केरळातील एका शाळेत त्यांची ओळख अमेरिकेतला अस्पृश्य अशी करून देण्यात आली. आधी ते दुखावले, मग विचारांती ते खरेच आहे असे त्यांना पटले. हे त्यांनीच पुढे सांगितले. ४ एप्रिल १९६८ रोजी मेम्फिसला त्यांची हत्या झाली. तेथे ते सफाई कामगारांच्या संपासाठी गेले होते.

ते चर्च पाहायला आज जगभरातून लोक जातात. आम्हाला विचारायचे आहे ते एवढेच : आपल्या विहारात वंदना झाली की सतरंजी गुंडाळली जाते, की वस्तीतल्या सफाई कामगाराच्या प्रश्नावर बैठक बसते?